माशाच्या तेलाने स्टेंट मोकळा राहतो का?

तासगाव तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. ते असं:

"आमच्या मामंजींचं वय 64. चार महिन्यांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला. मिरजेला अँजिओप्लास्टी केली, एक स्टेंट बसवला. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या, कोलेस्टेरॉलची एक आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. परवाच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड 228 आलं. माझे धाकटे दीर मुंबईला असतात, त्यांनी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल पाठवल्यात. ते म्हणतात, या तेलाने नसेतल्या पेशी वाढत नाहीत, म्हणून स्टेंट परत बंद होत नाही, आणि रक्तही पातळ राहतं. गोळ्यांमुळे मामंजींच्या हातावर काळे-निळे डाग पडतात, तेव्हा त्यातली एक गोळी बंद करून कॅप्सूल द्याव्यात असं घरात चाललंय. अडचण अशी की मामंजी माळकरी आहेत. त्यांना न सांगता दिल्या तर चालेल का? की आपली जवसाची चटणी पुरेल?"

ताई, गोळी बंद करू नका. एक दिवसही नाही. हे पत्र संध्याकाळी वाचत असाल तर आजचा डोस झालाय का, ते आधी बघा. बाकीचं सगळं सावकाश समजून घ्यायला वेळ आहे.

तुमच्या दिरांनी ऐकलेली गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे. स्टेंट म्हणजे नस उघडी ठेवणारी बारीक जाळी. ती दोन वेगवेगळ्या कारणांनी बंद पडते आणि घरातल्या चर्चेत ती दोन कारणं एकत्र मिसळली आहेत. पहिलं कारण रक्ताची गुठळी. ती काही मिनिटांत होते, त्यातून मोठा अटॅक येतो आणि माणूस दगावू शकतो. दुसरं कारण म्हणजे स्टेंटच्या आत पेशींची वाढ होऊन वाट हळूहळू अरुंद होणं. याला काही महिने लागतात, आणि बहुतेकदा चालताना छातीत दुखू लागून ते लक्षात येतं. दोन गोळ्या पहिल्या धोक्यासाठी आहेत. माशाच्या तेलाबद्दल जे सांगितलं जातं ते दुसऱ्या धोक्याबद्दल. म्हणजे कॅप्सूलने तिचं काम अगदी चोख केलं असतं, तरी ती त्या गोळीची जागा घेऊ शकली नसती.

आता पेशींच्या वाढीचं बघू. रोहिणीच्या भिंतीला तीन थर असतात. सगळ्यात आत, रक्ताला लागून, एकाच पेशीच्या जाडीचं नाजूक अस्तर असतं. मधल्या थरात स्नायूपेशी असतात, ज्यांना डॉक्टर स्मूथ मसल सेल म्हणतात. बाहेरून धाग्यांचं आवरण असतं. निरोगी माणसात मधल्या थरातल्या पेशी आकुंचन-प्रसरण एवढंच काम करतात, त्यांची संख्या जवळपास वाढत नाही. फुग्याने नस ताणली आणि जाळी दाबून बसवली की अस्तर खरवडलं जातं. तिथे प्लेटलेट्स, म्हणजे रक्ताची गुठळी धरणाऱ्या बारीक पेशी, चिकटतात आणि पीडीजीएफ नावाचा वाढीचा संदेश सोडतात. मग मधल्या थरातल्या पेशी आपलं नेहमीचं काम सोडतात, विभाजित होतात, आतल्या बाजूला सरकतात आणि भोवती चिवट पदार्थ साठवतात. कातडीवरची जखम भरताना कधीकधी वण जाड उठतो, तसाच हा नसेच्या आतला वण. तो जास्त जाड झाला की त्याला रीस्टेनोसिस म्हणतात.

म्हणजे त्या जागी दोन प्रकारच्या पेशींची वाढ चालू असते. अस्तराच्या पेशी वाढून जाळीवर पसरल्या पाहिजेत, ती वाढ हवी आहे. मधल्या थरातल्या स्नायूपेशींची वाढ नको आहे. "पेशी वाढू देत नाही" असं कोणी म्हटलं की कोणत्या पेशी, हे विचारा.

माशाच्या तेलातली कामाची आम्लं दोन, त्यांनाच ओमेगा-3 म्हणतात. ईपीए, 20 कार्बनची साखळी आणि पाच दुहेरी बंध. डीएचए, 22 कार्बन आणि सहा दुहेरी बंध. ती पोटात गेली की काही आठवड्यांत पेशींच्या आवरणात जाऊन बसतात आणि तिथल्या ॲराकिडोनिक आम्लाची थोडी जागा घेतात. ॲराकिडोनिक आम्लापासून थ्रॉम्बोक्सेन ए2 बनतं. ते प्लेटलेट्सना एकत्र चिकटवतं, नस आकसवतं आणि स्नायूपेशींच्या वाढीलाही हातभार लावतं. ईपीएपासून बनणारं थ्रॉम्बोक्सेन ए3 यात फारच दुबळं असतं. शिवाय ही आम्लं पेशीतले सूज वाढवणारे संदेश मंदावतात. 1988 मध्ये असं दिसलं की माशाच्या तेलात वाढवलेल्या अस्तराच्या पेशी पीडीजीएफसारखं प्रथिन कमी बनवतात. 1990च्या दशकात अनेक प्रयोगशाळांत ईपीए आणि डीएचए घातल्यावर स्नायूपेशींचं विभाजन मंदावलं. पेशी विभाजनाची तयारी करते तो टप्पा आणि डीएनएची नक्कल करते तो टप्पा, या दोहोंमधल्या दारापाशीच ती अडखळते. अस्तराच्या पेशींवर मात्र डीएचएने वेगळा, चांगला परिणाम दाखवला: पांढऱ्या पेशींना चिकटवून घेणारे रेणू कमी झाले. नको ती वाढ कमी आणि अस्तर शांत, म्हणून संशोधकांना यात एवढी आशा वाटली, आणि ती वाटणं रास्तच होतं.

पण काचेच्या बशीतल्या प्रयोगाच्या मर्यादा मोठ्या आहेत. या आम्लांमध्ये इतके दुहेरी बंध असतात की ती हवेने पटकन खवट होतात, बशीतसुद्धा. खवट झालेलं आम्ल पेशींना विषारी असतं. त्यामुळे पेशी कमी झाल्या त्या वाढ थांबल्यामुळे की मेल्यामुळे, हे वेगळं करून बघावं लागतं. काही प्रयोगांत ई जीवनसत्त्व घातल्यावर परिणाम कमी झाला, त्यावरून ही शंका बळावते. दुसरं असं की बशीतल्या स्नायूपेशी आधीच सतत वाढणाऱ्या अवस्थेत असतात, भिंतीतल्या पेशींसारख्या नसतात.

म्हणून माणसांवर तपासणं गरजेचं होतं, आणि ते तपासलं गेलं. 1980च्या दशकाच्या शेवटी काही छोट्या अभ्यासांत फुग्याच्या अँजिओप्लास्टीनंतर माशाच्या तेलाने फायदा दिसला. मग मोठे अभ्यास झाले. 1994 मध्ये अमेरिकेतल्या 551 रुग्णांच्या अभ्यासात काहींना रोज 10 कॅप्सूल, म्हणजे सुमारे 8 ग्रॅम ओमेगा-3, सहा महिने दिलं, आणि सुरुवात प्रक्रियेच्या आधीच केली, म्हणजे आम्लं पेशींत बसायला वेळ मिळावा. बाकीच्यांना मक्याचं तेल दिलं. नस परत अरुंद होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. 1996 मध्ये कॅनडात आणि 1999 मध्ये नॉर्वेत हेच उत्तर आलं. डायलिसिससाठी हातातल्या दोन नसा जोडून केलेल्या फिस्च्युलात नसेचा आतला थर असाच वाढतो. तिथेही 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात माशाच्या तेलाचा उपयोग दिसला नाही.

असं का झालं? फुग्याने झालेली इजा हा फार मोठा धक्का असतो. पीडीजीएफ हा त्यातला एकच संदेश. रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन आहे, फाटलेल्या पेशींतून सुटणारे वाढीचे घटक आहेत, ताण आहे. आहारातून आवरणात शिरलेलं आम्ल एखाददुसरा संदेश मंद करतं, सगळे नाही. आणि नुसत्या फुग्यानंतर नस अरुंद होण्यात पेशींच्या वाढीइतकाच नस आकसण्याचाही वाटा होता. त्यावर तेल काय करणार?

मामंजींना चार महिन्यांपूर्वी बसवलेला स्टेंट बहुधा औषध लावलेला असेल, आता जवळजवळ सगळे तसेच असतात. डिस्चार्ज कार्डावर स्टेंटचं नाव आणि स्टिकर असतं, तिथे सिरोलिमस, एव्हरोलिमस किंवा झोटारोलिमस यांपैकी एखादा शब्द शोधा. सिरोलिमस मुळात ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. ते पेशीला विभाजनाच्या त्याच दारापाशी अडवतं, ज्याचा माशाच्या तेलाबाबत एवढा अभ्यास झाला. फरक असा की ते औषध नेमक्या जागी, नेमक्या वेळी आणि पुरेशा ताकदीने काही आठवडे-महिने झिरपतं. नुसत्या धातूच्या स्टेंटमध्ये साधारण 20 ते 30 टक्के रुग्णांत नस परत अरुंद व्हायची, औषधी स्टेंटने ते प्रमाण 10 टक्क्यांच्या आत आलं. म्हणजे दिरांना जे काम व्हायला हवं आहे, ते त्या जाळीवरचं औषध करतंच आहे.

आणि दोन गोळ्या लागतात त्याही याच कारणाने. जाळीवरचं औषध स्नायूपेशींना अडवताना अस्तराच्या पेशींनाही अडवतं. जाळी उशिरा झाकली जाते. जोवर धातू रक्ताला उघडा आहे तोवर गुठळी धरण्याची भीती असते. म्हणून अटॅकनंतर साधारण बारा महिने ॲस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल देतात. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर हा काळ कमी करतात, पण तो निर्णय तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांचा. चार महिन्यांत घरच्या घरी एक गोळी सोडणं, तेही मधुमेह असताना, म्हणजे विषाची परीक्षा पाहणं.

हातावरच्या डागांचं काय? या गोळ्यांवर असताना, वाढत्या वयात, कुठे आपटल्यावर लहान डाग पडणं नेहमीचं आहे. काळी डांबरासारखी शौच, लघवीतून रक्त, दहा मिनिटं नाक दाबूनही न थांबणारा घोळणा, अचानक जोराची डोकेदुखी, किंवा न आपटता मोठे डाग, यातलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. नुसते डाग असतील तर फोनवर विचारा: "दुसरी गोळी बदलून सौम्य देता येईल का? पोटाच्या संरक्षणाची गोळी हवी का? हिमोग्लोबिन बघायचं का?" आणि घरात एक झडती घ्या. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची पट्टी कुठे सापडते का? या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो, हृदयालाही त्या वाईट, आणि आयब्युप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या कामात आडवी येते. दुखत असेल तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून.

दात काढायचा असेल आणि कोणी "पाच दिवस गोळ्या बंद करा" म्हटलं, तर आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका. एखादा दात गोळ्या चालू ठेवूनही काढता येतो.

आता ट्रायग्लिसराइडकडे, म्हणजे रक्तातल्या एका चरबीकडे, येऊ, कारण माशाच्या तेलाला काही जागा असलीच तर ती इथे आहे. 228 हा आकडा रात्री लवकर जेवून, 12 तास उपाशी राहून दिलेल्या रक्ताचा आहे का? नसेल तर तसा परत तपासा. मधुमेह आटोक्यात नसला की हा आकडा चढतोच, म्हणून सोबत एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, बघा, थायरॉइडही. मग आहार. तासगावात घरोघरी बेदाणा असतो. वाळवल्यावर त्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर उरते. "द्राक्षंच तर आहेत" म्हणून येता-जाता मूठभर तोंडात टाकणं बंद करा. गुळाचा चहा साखरेच्या चहाइतकाच मोजा. दारू असेल तर ती पूर्ण बंद, ट्रायग्लिसराइडवर तिचा परिणाम थेट होतो. तंबाखूची चिमूट आणि मिश्री हीसुद्धा तंबाखूच, नसेसाठी सिगारेटची सख्खी भावंडं.

एवढं तीन महिने करूनही आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, नियमित घेऊनही आकडा 150च्या वर राहिला, तर डॉक्टर आयकोसापेंट इथाइलचा विचार करू शकतात. हे शुद्ध केलेलं ईपीए, औषध म्हणून, रोज 4 ग्रॅम, दोन वेळा विभागून. 8,179 रुग्णांच्या रिड्यूस-इट या अभ्यासात त्याने हृदयविकाराच्या घटना 25 टक्क्यांनी कमी झाल्या. त्यावर आक्षेपही आहे. तुलनेच्या गटाला खनिज तेल दिलं होतं आणि त्याने त्या गटाचं थोडं नुकसान झालं असावं, असं अनेक तज्ज्ञ मानतात. ईपीए आणि डीएचए मिळून 4 ग्रॅम देणाऱ्या 13,078 रुग्णांच्या स्ट्रेंग्थ अभ्यासात तर फायदाच दिसला नाही आणि तो मध्येच थांबवला. दोन्हीकडे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित होणं, थोडं वाढलं; रिड्यूस-इटमध्ये त्यासाठी दाखल व्हावं लागलेले 2.1 टक्क्यांवरून 3.1 टक्के झाले. माझ्या मते हे औषध निवडक रुग्णांसाठी आहे आणि ईसीजी बघूनच सुरू करायचं आहे.

दिरांनी पाठवलेली कॅप्सूल आणि हे औषध एक नाही. डबी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. समोर मोठ्या अक्षरांत 1000 मिलिग्रॅम लिहिलेलं असतं ते माशाच्या तेलाचं वजन. साध्या कॅप्सूलमध्ये त्यातलं ईपीए 180 आणि डीएचए 120 मिलिग्रॅम असतं, बाकी इतर चरबी. 4 ग्रॅम ईपीए हवं तर अशा रोज 22 कॅप्सूल लागतील, म्हणजे जवळजवळ 200 कॅलरीचं नुसतं तेल. रोज एक-दोन घेतल्याने ट्रायग्लिसराइडमध्ये नोंद घेण्यासारखा फरक पडत नाही. रोज 1 ग्रॅमच्या डोसवर 25,871 माणसांचा व्हायटल अभ्यास आणि 15,480 मधुमेहींचा असेंड अभ्यास झाला, दोन्हीत हृदयविकाराच्या मुख्य घटना ठळकपणे कमी झाल्या नाहीत. डबीवर कॉड लिव्हर ऑइल लिहिलं असेल तर ते आणखी वेगळं. त्यात ए जीवनसत्त्व भरपूर असतं, ते यकृतात साठतं, म्हणून त्याचा डोस वाढवून ओमेगा-3 वाढवायचा प्रयत्न मुळीच करू नका. आणि एखादी कॅप्सूल सुईने टोचून वास घ्या. माशाचा सौम्य वास ठीक, पण जुन्या रंगासारखा उग्र वास आला तर तेल खवट झालंय. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात कुरिअरच्या गाडीत आठवडाभर पडलेल्या डबीचं असंच होतं.

मामंजींना न सांगता देण्याबद्दल: देऊ नका. माळ त्यांनी स्वतः घातली आहे, त्यांच्या पोटात काय जातं हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे. व्यवहाराच्या बाजूनेही हे महागात पडतं. उद्या कळलं की तुम्ही हातात दिलेल्या प्रत्येक गोळीवर ते संशय घेतील, आणि त्यात जीव वाचवणारी गोळीही येईल. नुसतं तेलच नाही, या कॅप्सूलचं आवरणही बहुतेकदा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं. शाकाहारी पर्याय आहे: समुद्री शेवाळाच्या तेलाची कॅप्सूल. मासेसुद्धा ही आम्लं मुळात शेवाळातूनच मिळवतात. पण शेवाळाच्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये डीएचए जास्त आणि ईपीए थोडं किंवा अजिबात नसतं, तेव्हा दोन्ही आकडे बघा, हिरवा ठिपका बघा, आवरण वनस्पतीचं आहे का तेही वाचा. आहारपूरक म्हणून घ्यायला हरकत नाही. स्टेंटसाठी तिची गरज नाही.

घरात मासे खाणारे असतील त्यांच्यासाठी: चिपळूण-रत्नागिरीकडून येणारे तारली आणि बांगडा यांत ही आम्लं चांगली असतात, तारलीच्या 100 ग्रॅम मांसात एक ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त. कृष्णेच्या किंवा तळ्याच्या रोहू-कटल्यात कमी. आठवड्यातून दोनदा, कालवण करून. तेलात खरपूस तळलं की तळणीचं तेल आत शिरतं.

जवसाची चटणी जरूर द्या, पण ती काय करते हे माहीत असू द्या. जवसात अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, 18 कार्बनचं. एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे 7 ग्रॅम, जवसाच्या पुडीत ते दीड ग्रॅमच्या वर मिळतं. शरीर त्यातलं फार थोडं ईपीएत बदलतं, आणि डीएचएत तर नावापुरतंच. करडई-सूर्यफुलाच्या तेलातलं ओमेगा-6 त्याच एन्झाइमसाठी रांगेत उभं असतं, त्यामुळे हे बदलणं आणखी मंदावतं. कारळ्याच्या चटणीत ओमेगा-3 जवळजवळ नसतं, तिला जवसाच्या जागी धरू नका. सोयाबीन आणि मोहरीच्या तेलात थोडं असतं.

जवस मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजा, काळपट होऊ देऊ नका. गार झाल्यावर बारीक कुटा. अख्खे दाणे जसेच्या तसे बाहेर पडतात. लसूण, मिरची, जिरं नेहमीप्रमाणे, मीठ मात्र निम्मं. एका वेळी आठ-दहा दिवसांपुरतीच करा, घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिज असेल तर फ्रिजमध्ये. कडवट लागली की फेकून द्या. रोज एक ते दोन मोठे चमचे, सोबत पाणी भरपूर. जवसाचा चिकट तंतू औषध अडकवून ठेवू शकतो, म्हणून गोळ्या आणि चटणी यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवा.

मामंजी आषाढीला पायी जाणार असतील तर हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी आणि ट्रेडमिल किंवा इको आधी. गेलेच, तर गोळ्यांच्या पट्ट्या दोन ठिकाणी ठेवा, एक त्यांच्या खिशात, एक दिंडीतल्या सोबत्याकडे, आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स दोन्हीकडे. वाटेत किंवा घरी, छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, घाम, दम, असं काही सुरू झालं तर गॅसची गोळी देऊन वाट बघू नका. 108 ला फोन करा आणि "स्टेंट बसवलेला आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगा.